पुतण्याचे पुस्तक आणि आमची लाल शाई

निवृत्त शाळामास्तराच्या घरी दोन प्रकारचे कागद न चुकता येतात. एक, लग्नपत्रिकांचे मसुदे. आणि दुसरे, कोणी स्वखुशीने लिहिलेल्या पुस्तकांची बाडे. दोहोंतही ऱ्हस्वदीर्घ तेवढे पाहून द्यावे अशी विनंती असते. मत कोणी विचारीत नाही. आम्ही मात्र शुद्धलेखनाबरोबर मतही देतो, आणि त्याचे मूल्य घेत नाही. जन्मभराची सवय एकाएकी कशी सुटावी?

गेल्या पावसाळ्यात एके शनिवारी आमचा पुतण्या पुण्याहून वाईस आला, तो असेच एक दोनशे पानांचे बाड घेऊन. आमच्या धाकट्या बंधूंचा हा एकुलता एक मुलगा. बंधू अकाली गेले तेव्हा हा तेरा वर्षांचा होता. तेव्हापासून आमच्याच देखरेखीखाली वाढला, इंजिनियर झाला, आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. बाड आमच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "अण्णा, एवढे तपासून द्या. छापायचे आहे." पहिले पान उलटून पाहतो तो विषय काय? लेखकास आवडलेली चोवीस इंग्रजी पॉप व रॉक गाणी! प्रत्येक गाण्यास एक प्रकरण.

वार्ता स्वयंपाकघरात पोहोचण्यास वेळ लागला नाही. "गाण्यावर लिहायचे काय असते? ऐकावे आणि कामाला लागावे," असा निकाल आमच्या सौभाग्यवतींनी तेथूनच दिला. भावजयीने मात्र, म्हणजे लेखकाच्या मातोश्रींनी, काहीच म्हटले नाही.

आमचे इंग्रजी जुन्या मॅट्रिकपुरते. संस्कृत तेवढे वडिलांपाशी आणि पुढे गावातील शास्त्रीबुवांपाशी बसून केलेले. तेव्हा साहजिकच आम्ही विचारले, "असली पुस्तके शहाणी माणसे लिहितात काय?" पुतण्याने उत्तरादाखल पिशवीतून चार ग्रंथ काढून ओळीने मांडले. निक हॉर्नबी या इंग्रज कादंबरीकाराने २००३ साली '३१ साँग्ज' या नावाने आपल्या आवडत्या गाण्यांवर निबंध प्रसिद्ध केले. डेव्ह मार्श या अमेरिकन टीकाकाराने १९८९ साली तब्बल १००१ ध्वनिमुद्रिकांचा परामर्श घेतला. इयन मॅक्डॉनल्डने १९९४ साली बीटल्स मंडळींचे एकेक गाणे, ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने, एखाद्या शास्त्रग्रंथासारखे तपासले. आणि बॉब डिलन, जो स्वतःच गीतकार, त्याने २०२२ साली इतरांच्या ६६ गाण्यांवर पुस्तक लिहिले. या डिलनला २०१६ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आहे हे कळताच आमचा विरोध निम्म्याने मावळला. मास्तर मंडळी पारितोषिकापुढे लवकर नमतात, हे कबूल केले पाहिजे.

काम हाती घेतल्यावर पहिले नवल हे दिसले की, दोनशे पानांत गाण्याची एकही ओळ उतरून घेतलेली नाही. आम्हांस वाटले, विसरला. परंतु त्याने सांगितले की, गाण्यांचे शब्द ही मालमत्ता असते. एखादी ओळ छापावयाची तरी मालकाची परवानगी काढावी लागते आणि बहुधा दामही मोजावे लागतात. आपल्याकडील कायद्यानेही रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. म्हणजे मूळ श्लोक न देता नुसती टीका लिहावयाची! मल्लिनाथावर असा प्रसंग येता तर त्याने लेखणी खाली ठेवली असती. आमच्या पुतण्याने मात्र नेट धरला होता. शब्द देता येत नाहीत, म्हणून आवाज कोठे चढतो, वाद्य कोठे थांबते, ऐकणाऱ्याचा श्वास कोठे अडकतो, याचेच वर्णन तो करीत गेला. आणि खरे सांगावयाचे तर त्यामुळे त्याची भाषा सुधारली होती.

वाचता वाचता आमच्या अज्ञानाचे काही पापुद्रे गळून पडले. ही गाणी एवढी तोकडी का, अशी आमची जुनी तक्रार. त्याचे कारण तबकडीत निघाले. १९४९ साली अमेरिकेत मिनिटास ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटेच सुखाने मावत, आणि गाणाऱ्यांनीही तेवढ्याच अंगणात खेळण्याची सवय करून घेतली. क्वीन या मंडळीने १९७५ साली 'बोहेमियन रॅप्सडी' हे जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे काढले, तेव्हा एवढे लांबलचक गाणे रेडिओ लावणार कसा, अशी शंका घेतली गेली. हे गाणे रचणारा व गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे १९४६ साली झांजिबारला जन्मलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा. तो शाळेस कोठे होता? तर आमच्या घाटमाथ्यावर, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये! ज्या घाटाकडे पाहत आम्ही जन्म काढला, त्याच्या टोकावर हा मुलगा पियानो वाजवीत होता, आणि आम्हांस ते पुतण्याच्या बाडातून कळावे!

दुसरे प्रकरण पॉल मॅकार्टनीच्या १९६५ सालच्या 'यस्टरडे'चे. याची चाल त्याला झोपेत सुचली. शब्द नव्हते, म्हणून चाल विसरू नये यासाठी त्याने अंड्यांच्या न्याहारीवरचे काहीबाही शब्द तात्पुरते बसवून ठेवले होते. आधी चाल व मग अर्थ, हा प्रकार वाचून आम्ही नाक मुरडणार, तोच आठवले की, आमच्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांतून पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच पदाचे नाव छापलेले असे. म्हणजे आमचे आजोबा ज्या पदांनी डोलले, त्यांतही कित्येकदा चालच वडील आणि शब्द धाकटे!

असो. आमचा खरा तंटा निराळ्याच गोष्टीवरून जुंपला. पुस्तकात 'मी' फार होता. गाणे १९७१ चे, आणि मजकूर काय, तर मी ते एस. टी.च्या खिडकीशी बसून ऐकले, मला तेव्हा ताप होता, माझी परीक्षा होती. आम्ही विद्यार्थ्यांस जन्मभर शिकविले की, निबंधात 'मी' मिरवू नये. लिहावेच लागले तर 'आम्ही' लिहावे, त्यात विनय राहतो. मल्लिनाथाने तर प्रतिज्ञाच केली आहे की, आधारावाचून लिहिणार नाही आणि अनावश्यक ते बोलणार नाही. तेव्हा लाल शाईची दौत उघडून आम्ही 'मी'वर काट मारीत चाललो. पहिल्या सोळा प्रकरणांतून निदान तीस पाने तरी कमी झाली असतील.

पुढल्या शनिवारी पुतण्याने ती लाल पाने पाहिली. आम्ही त्याला अभिनवगुप्ताचार्यांचा दाखला दिला. रसास्वादाची सात विघ्ने आचार्यांनी सांगितली आहेत. त्यांतील एक 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखात गुरफटून बसणे. "तुझे पुस्तक," आम्ही म्हणालो, "या एका विघ्नाचे आगर आहे. आणि तुझा तो हॉर्नबीही आमच्याच बाजूचा दिसतो. गाण्याला चिकटलेल्या आठवणींपेक्षा गाण्यात काय आहे ते सांगावे, असे तोही म्हणतो."

तो थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "म्हणतो खरा. पण अण्णा, त्याच पुस्तकात तो आपल्या मुलाविषयीही लिहितो. मुलाला ऑटिझम आहे, आणि संगीताचे वेड आहे. ते प्रकरण काढले तर पुस्तकाचा जीव जाईल. नाटक एक रात्र पाहायचे असते. तेवढा वेळ आपले दुःख चपलांबरोबर बाहेर ठेवता येते. गाणे वीस वीस वर्षे बरोबर असते. ते आजारपणात असते, प्रवासात असते. त्याच्यातून आपल्याला कसे वेगळे काढायचे?" उत्तर आम्हांस तत्काळ सुचले नाही, म्हणून आम्ही "पुढचे वाचून सांगतो" असे म्हटले. वर्गातही असेच म्हणत असू.

पुढचे म्हणजे सतरावे प्रकरण. कॅट स्टीव्हन्स, जो पुढे युसुफ इस्लाम या नावाने ओळखला गेला, त्याचे १९७० सालचे 'फादर अँड सन', म्हणजे बाप आणि मुलगा. मूळ कल्पना रशियन राज्यक्रांतीवरील एका संगीत नाटकाची होती. मुलास क्रांतीत सामील व्हावयाचे आहे, बापास तो शेतीवर राहावयास हवा. गायकास क्षय झाला, नाटक बारगळले, गाणे राहिले. एकच गायक दोघांचे बोलतो: बापाचे खालच्या पट्टीत, मुलाचे वरच्या पट्टीत. दोघेही खरे बोलतात आणि कोणीच कोणाचे ऐकत नाही. येथवर आम्ही शांतपणे वाचले. नंतर पुढील मजकूर आला.

"हे गाणे बाबांच्या कॅसेटवर होते. बाबा गेल्यावर त्यांचा टेपरेकॉर्डर मी रोज रात्री लावी. मला इंग्रजी शब्द नीट कळत नसत. खालच्या पट्टीतला आवाज आला की बरे वाटे, इतकेच. दहावीच्या वर्षी अण्णांनी तो यंत्रासकट माळ्यावर ठेवला. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही; त्यांच्या आर्शिवादाने मी चांगल्या गुणांनी पास झालो. वर्षभराने यंत्र खाली आले तेव्हा आतला रबरी पट्टा सैल पडला होता. फीत हळू फिरे, त्यामुळे सगळे आवाज खाली उतरले होते. मुलगाही बापाच्याच आवाजात बोलू लागला होता. त्यानंतर या घरात मी कधी मोठ्याने गाणे लावले नाही."

वाचकहो, त्या वर्षाची हकीकत आम्हांसही पक्की आठवत होती, परंतु निराळी. आमच्या आठवणीत एक कर्तव्यदक्ष चुलता आहे. भाऊ गेलेला, त्याच्या मुलाची जबाबदारी शिरावर आलेली, मुलगा रात्री अकरापर्यंत गाणी ऐकतो, प्रगतीपुस्तकात गणिताचे गुण घसरलेले. शिडी लावून आम्ही तो टेपरेकॉर्डर जुन्या सतरंजीत गुंडाळून माळ्यावर ठेवला, व आपण योग्य तेच केले अशा समाधानात निजलो. मुलाने हट्ट केला नाही, रडला नाही. यावरून आम्ही असे अनुमान काढले की, त्याला पटले. शाळेत इतकी वर्षे मुले हाताळून आम्ही एवढेच शिकलो होतो की, जो गप्प बसला त्याला समजले!

पुढे तो कानांत ते बोंडूक खुपसून बसे, तेव्हा आम्ही पाहुण्यांस अभिमानाने सांगत असू की, आमच्या घरी गोंगाट नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. सतराव्या प्रकरणातील तो मजकूर आमच्याच नियमाप्रमाणे काट मारण्याजोगा होता. त्यात 'मी' होता, निजदुःख होते, गाण्याच्या विवेचनास तो आवश्यक आहे असेही मल्लिनाथ म्हणता ना. एक रेघ ओढली असती तर आमचा दोष कोणास कळला नसता. आणि पुतण्याने ती रेघही, त्या वर्षाप्रमाणेच, मुकाट्याने सोसली असती. परंतु मनात आले, बापाच्या अंगी खालची पट्टी असते ती कशासाठी, हे ज्याने सैल पट्ट्याच्या यंत्रावरून ओळखले, त्याच्या रसिकतेस आम्ही कोणते विघ्न दाखवावयाचे? त्या गाण्याचा अर्थ आम्हांस कोणत्याही कोशावरून कळला नसता. तो कळण्यास हा मुलगा, तो माळा व ती सतरंजी हीच लागली. ज्याला आम्ही पाल्हाळ म्हणत होतो, तीच टीका होती. आणि आमच्या 'आम्ही'त विनय किती व आडोसा किती, हाही प्रश्न पडलाच. सवय जात नाही. हा लेखही 'आम्ही'नेच चालला आहे. वाचकांनी तो जाणून वाचावा.

सकाळी उठून पहिल्या पानापासून पुन्हा बसलो. मुद्रिते तपासताना चुकून काटलेला मजकूर परत घ्यावयाचा असल्यास त्याखाली टिंबे देऊन समासात 'तसेच ठेवावे' असे लिहितात. चार दिवस आम्ही तेच लिहीत होतो.

पुढील शनिवारी पुतण्या आला. बाड हाती देऊन आम्ही म्हणालो, "ते सतरावे गाणे लाव पाहू. कानांत नको, माजघरात, मोठ्याने." तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तर मग नवे लावतो." २०२० साली, सत्तरी उलटल्यावर, त्या गायकाने हेच गाणे पुन्हा प्रसिद्ध केले आहे. बापाचा भाग त्याने आपल्या आताच्या पिकल्या आवाजात गाइला. मुलाच्या भागाला मात्र १९७० साली मंचावर टिपलेला स्वतःचाच कोवळा आवाज जोडला आहे. पन्नास वर्षांनी एकाच माणसाचे दोन आवाज समोरासमोर आले.

गाणे निम्मे झाले असेल, तो भावजय पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "हे ह्यांचे गाणे," एवढेच ती म्हणाली, आणि संपेपर्यंत तेथेच उभी होती. संपल्यावर आम्हीच म्हणालो, "पुन्हा लाव."

पुस्तक आता छापखान्यात जाईल. सतराव्या प्रकरणास आम्ही हात लावलेला नाही. फक्त 'आर्शिवाद' नव्हे, 'आशीर्वाद'. एवढी एकच चूक लाल शाईने दुरुस्त केली आहे.