इटलीची तोंडओळख

परक्या देशाची तोंडओळख करून देणें हें सोयरीक जमविण्याइतकेंच नाजूक काम आहे. मध्यस्थानें फार बोलावें तर दोन्ही पक्षांस संशय येतो. कमी बोलावें तर पुढें कांहीं बिनसलें म्हणजे ‘हें आधीं कां सांगितलें नाहीं’ म्हणून ठपका त्याच्याच माथीं. आमच्या महाविद्यालयांतील अठरा विद्यार्थी-विद्यार्थिनी उन्हाळ्याच्या सुटींत चार आठवडे इटलींत राहून तेथील भाषा शिकणार, आणि त्यांच्याबरोबर जाऊन रोज सायंकाळीं तासभर त्या देशाचा भूगोल, इतिहास व संस्कृति यांविषयीं चार शब्द आम्हीं सांगावयाचे, असें ठरलें तेव्हां या मध्यस्थाच्या अडचणीची आम्हांस पुरती कल्पना आली.

अडचण अशी कीं, इटली कोणासच अगदीं अपरिचित नसते. जो तो आपापली एक इटली बरोबर घेऊन तेथें उतरतो. आमचें उभें आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलेलें. तेव्हां आमची इटली शेक्सपिअरच्या व्हेनिसची नि व्हेरोनाची, बायरन व ब्राउनिंग यांच्या मुक्कामांची. म्हणजे ती इंग्रजाच्या खिडकींतून दिसलेली; आणि त्यांतहि गंमत ही कीं, शेक्सपिअर स्वतः कधीं इटलीस गेला होता असा कांहींच पुरावा नाहीं. विद्यार्थ्यांची इटली पिझ्झा, फुटबॉल आणि पीसाचा कललेला मनोरा एवढ्यांत आटोपते. आमच्या आजोबांच्या पिढीची इटली या दोहोंहून निराळी, मॅझिनी-गॅरिबाल्डींची. सावरकरांनीं मॅझिनीच्या लेखांचें केलेलें मराठी भाषांतर १९०७ मध्यें पुण्यास प्रसिद्ध झालें व सरकारनें तें जप्त केलें. १९०९ मध्यें गांधींनीं ‘हिंद स्वराज्य’ लिहिलें, त्यांत इटली आणि हिंदुस्थान यांवर एक स्वतंत्र प्रकरण घातलें. पहिल्या पुस्तकानें मॅझिनीपासून उठावाची प्रेरणा घेतली. दुसऱ्यानें विचारलें कीं, ऑस्ट्रियाचें सैन्य जाऊन व्हिक्टर इमॅन्युएलचें राज्य आलें, पण सामान्य इटालियनाच्या पदरांत काय पडलें? एकाच मॅझिनीवरून हे दोन पंथ निघाले. ही तिसरी इटली मात्र आमच्या मंडळींपैकीं दोघांतिघांच्याच कानांवर कधीं काळीं आली होती.

आमचा मुक्काम पेरूजा येथें होता. उम्ब्रिया प्रांताचें हें मुख्य शहर रोमच्या उत्तरेस, टायबर नदीच्या खोऱ्यावर, एका टेकडीच्या माथ्यावर वसलें आहे. परदेशी मंडळींस इटलीची भाषा व संस्कृति शिकविण्यासाठीं १९२१ मध्यें येथें व्याख्यानें सुरू झालीं, त्यांतून पुढें एक विद्यापीठच उभें राहिलें. सबब देशोदेशींचे तरुण मोडकीतोडकी इटालियन बोलत रस्त्यांतून हिंडत असतात व गांवास त्याचें नवल वाटत नाहीं.

पहिल्या सायंकाळीं भूगोल. पाठ्यपुस्तकें इटलीचा भूगोल बुटापासून सुरू करतात, आणि या बुटाचा आम्हांस पहिल्यापासून तिटकारा आहे. बूट पाहून देशाची कड कळते, आंत काय आहे तें कळत नाहीं. आम्हीं फळ्यावर बूट काढलाच नाहीं. इटलीचें क्षेत्रफळ सुमारें ३,०२,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचें सुमारें ३,०८,०००; हा हिशेब सांगतांच तो देश एकदम आटोक्यांत आला. त्या भूमीचे शंभर भाग केले तर ३५ पर्वत, ४२ टेकड्या आणि मैदान अवघें २३. आपेनिन पर्वत पाठीच्या कण्यासारखा सुमारें १,२०० किलोमीटर उतरत गेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस सोंडा उतरतात, आणि दर दोन सोंडांमध्यें एक नदी. समोरच्या डोंगरावरचें गांव हांकेच्या अंतरावर दिसतें, पण तेथें जावयाचें तर आधीं खालीं उतरा, नदी ओलांडा, आणि पुनः तितकेंच चढा. ज्यांचें आजोळ कोंकणांत होतें त्यांस हें दुसऱ्यांदा सांगावें लागलें नाहीं. पावसाची तऱ्हा मात्र आपल्या उलट. तो हिवाळ्यांत पडतो, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे पेरणीची धांदल, तेव्हां तिकडे गव्हाची कापणी.

आमचें मत असें आहे कीं, इटलीचा सारा इतिहास या चढउतारांत दडलेला आहे. डोंगरानें गांवें वेगळीं पाडलीं; वेगळ्या पडलेल्या गांवांनीं आपापले तट, आपापले संत, आपापलीं मापें, आपापली बोली सांभाळली. ‘काम्पानिलिस्मो’ असा एक शब्द त्या भाषेंत आहे. ‘काम्पानिले’ म्हणजे देवळाच्या घंटेचा मनोरा. आपल्या घंटेचा नाद पोंचेल तेवढाच आपला मुलूख असें मानण्याची जी वृत्ति, ती ही. पेरूजाच्या तटावर उभें राहिलें कीं पूर्वेस सुबासिओ डोंगराच्या उतारावर असीसी दिसतें, फार तर पंचवीस किलोमीटर. या दोन शेजाऱ्यांची १२०२ मध्यें लढाई झाली, असीसीचा पराभव झाला, आणि कैद झालेल्यांत एका कापडव्यापाऱ्याचा विशीच्या आसपासचा मुलगा होता. वर्षभर तो पेरूजाच्या तुरुंगांत होता. तोच पुढें संत फ्रान्सिस म्हणून जगाच्या माहितीचा झाला. ज्याच्या नांवाचा आज जगभर शांतीसाठीं जप चालतो, त्याला शेजारच्याच गांवानें बेड्या घातल्या होत्या, हें ऐकून मुलें जरा वेळ असीसीकडे पाहत राहिलीं.

या फ्रान्सिसनें अखेरच्या काळांत सृष्टीचें स्तोत्र रचलें तें लॅटिनमध्यें नव्हे, उम्ब्रियाच्या बोलींत. इटालियन काव्याच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक त्याच्यापासूनच करतात. शंभर वर्षांच्या आंत दांतेनें आपलें महाकाव्य तोस्कानाच्या लोकभाषेंत लिहिलें. दांतेचा जन्म १२६५ चा. एका विद्यार्थिनीनें तारीख वहींत उतरून घेतली आणि मान वर करून विचारलें, “म्हणजे ज्ञानेश्वरांच्याच वेळचा का, सर?” ज्ञानेश्वरी १२९० ची. दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं, आणि साम्यें जुळविण्याची हौस विद्वानांस अनेकदां खड्ड्यांत घालते. तथापि पंडितांची भाषा बाजूस सारून आईच्या भाषेंत परमार्थ सांगण्याचें धाडस दोन दूरच्या देशांत एकाच पिढींत व्हावें, या योगायोगाचा आनंद आम्हीं तिच्यापासून हिरावून घेतला नाहीं.

दांतेची भाषा पुस्तकांत वाढत राहिली, पण लोकांच्या तोंडीं यावयास सहा शतकें लागलीं. १७ मार्च १८६१ रोजीं इटलीचें राज्य घोषित झालें त्या वेळीं शंभरांपैकीं इटालियन बोलणारे किती, याचे विद्वानांचे अंदाज अडीचपासून दहापर्यंत आहेत. व्हेनिस १८६६ मध्यें आलें, रोम १८७० मध्यें. राजा जाऊन प्रजासत्ताक आलें तें २ जून १९४६ च्या सार्वमतानें. आमच्या मुक्कामांत तो दिवस आला, वर्ग बंद राहिले, आणि मुलांस ही एक तारीख तरी कायमची पाठ झाली. रोमपासून इतिहास सुरू करावा तर इटली नेहमींच एक होती असा समज होतो. वस्तुतः आज आपण जिला इटली म्हणतों ती आपल्या आगगाडीहून लहान. मुंबई-ठाण्याची गाडी १८५३ ची!

जुन्याचा पुरावा पाहिजे तर विद्यापीठासमोरच एक वेस आहे. तिचे खालचे प्रचंड चिरे एट्रुस्कन लोकांनीं ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत चुन्यावांचून रचले. कमानीवर रोमन अक्षरें आहेत, ‘ऑगुस्ता पेरूसिया’. ऑक्टेव्हियननें ख्रिस्तपूर्व ४१-४० मध्यें या गांवास वेढा घालून उपासमारीनें शरण आणलें, आणि पुढें तो सम्राट् ऑगस्टस झाल्यावर त्याचेंच नांव गांवाच्या वेशीवर चढलें. डाव्या बुरुजावर सोळाव्या शतकांतला एक नाजूक सज्जा बसविला आहे. त्याखालून आज मोटारी जातात. इतिहासाचें एक व्याख्यान आम्हीं या वेशीखालीं उभ्यानेंच दिलें. मोटारवाल्यांच्या भोंग्यांमुळें तें लवकर आटोपलें, हें श्रोत्यांचें सुदैव.

मिठाची गोष्ट मात्र लवकर आटोपली नाहीं. उम्ब्रियांतला पाव अळणी असतो, व पहिल्याच दिवशीं मुलांनीं त्याची तक्रार केली. पोप तिसरा पॉल यानें १५४० मध्यें मिठाचा भाव वाढविला, पेरूजानें बंड केलें, बंड मोडलें. पोपनें मातबर घराण्याचे वाडे असलेली आळीच्या आळी पाडून, गाडून, तिच्यावर किल्ला बांधला. १८६० नंतर लोकांनीं तो किल्ला उखडून टाकला, पण त्याच्या पोटांतल्या गल्ल्या शिल्लक आहेत, आणि आतां त्यांतून सरकते जिने चालतात. मिठावरच्या त्या रागानें आम्ही पावांत मीठ घालीनासे झालों, असें गांवकरी सांगतात. इतिहासकार यावर मान हलवितात. आम्हांसहि ती दंतकथाच वाटते. परंतु मिठाचा कर हा शब्द उच्चारतांच आमच्या मंडळींत जी चुळबूळ झाली ती कोणत्याहि व्याख्यानानें झाली नसती. सिंधुदुर्गातल्या एका मुलानें १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाची हकीकत आपण होऊन सांगितली. त्या दिवसापासून पावाची तक्रार थांबली, आणि लोणच्याची बरणी मात्र भराभर खालीं गेली.

तिसऱ्या आठवड्यांत आम्हीं मुलांस मोंतोने येथें नेलें. पेरूजाच्या उत्तरेस सुमारें चाळीस किलोमीटरांवर टायबरच्या वरच्या खोऱ्यांत टेकडीवर तटानें वेढलेलें हें लहानसें गांव आहे. प्रवाशांच्या पुस्तकांत तें ब्राच्चो फोर्तेब्राच्चो या सरदारासाठीं प्रसिद्ध. पगार देईल त्याच्या बाजूनें फौज घेऊन लढणाऱ्यांपैकीं तो एक. १४१६ मध्यें पेरूजाहि त्यानें घेतलें. आम्ही गेलों तें दुसऱ्यासाठीं. ३ सप्टेंबर १९४३ रोजीं दोस्तांचीं सैन्यें इटलीच्या मुख्य भूमीवर उतरलीं, आणि देशाच्या उत्तर टोकाशीं जर्मन फौजा शरण यावयास २ मे १९४५ उजाडला. वीस महिने कां लागले, याचें उत्तर पहिल्या सायंकाळच्या भूगोलांत होतें: प्रत्येक सोंडेवर शत्रूची तोफ, प्रत्येक सोंडेपलीकडे एक नदी. त्या मोहिमेंत सुमारें ५०,००० भारतीय सैनिक लढले. ५,७८२ परत आले नाहींत. १० जुलै १९४४ रोजीं या खोऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीचा नायक सोडून बाकी सारे पडले किंवा जखमी झाले. नायक एकटाच धांवत गेला, हातगोळा टाकून गन बंद केली, एकास गोळी घातली, आणि बंदूक भरावयास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांस दस्त्यानें लोळविलें. मग आडून झाडलेल्या गोळ्यांनीं तो पडला. यशवंत घाडगे, वय २२, पळसगांव, माणगांव तालुका. त्याची कबर नाहीं. नांव कासिनो येथील स्मारकावर कोरलें आहे. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने गांवानें २०२३ मध्यें त्याच्या नांवें स्मारक म्हणून एक सूर्यघड्याळ उभारलें आहे.

घड्याळापाशीं मुलें उभीं होतीं. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एकानें विचारलें, “सर, हा आपला माणूस कोणाच्या लढाईंत मेला?”

प्रश्न खरा होता, म्हणून आम्हीं घाईनें उत्तर दिलें नाहीं. तो हिटलरच्या सैन्याशीं लढतांना मेला, हें खरें. ज्या सरकारचा गणवेश त्याच्या अंगावर होता त्या सरकारनें गांधींस दोनच महिन्यांपूर्वीं पुण्याच्या आगाखान राजवाड्यांतून सोडलें होतें, आणि नेहरू त्या दिवशीं अहमदनगरच्या किल्ल्यांत कैदेंत होते, हेंहि खरें. त्याच अहमदनगर जिल्ह्यांतल्या निमजचा नामदेव जाधव नऊ महिन्यांनीं, ९ एप्रिल १९४५ रोजीं, सेनिओ नदीच्या बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या तुकड्यांस पुढें बोलावीत होता. त्यालाहि तोच क्रॉस मिळाला, आणि तो जिवंत घरीं आला. या दोघांस ब्राच्चोच्या भाडोत्री शिपायांच्या पंगतीस बसविणें आम्हांस मान्य नाहीं. केवळ शौर्याचे पोवाडे गाऊन मुलाचा प्रश्न बाजूस सारणें, हेंहि मान्य नाहीं. मॅझिनीच्या देशांतलें एक गांव मोकळें करावयास माणगांवचा मुलगा आला, आणि त्याचा स्वतःचा गांव तेव्हां मोकळा नव्हता. एवढें आम्हीं सांगितलें. वाद परतीच्या बसमध्यें चालू राहिला, आणि आम्हीं त्यांत मुद्दाम भाग घेतला नाहीं.

पुढच्या रविवारीं सहा जणांनीं आपसांत पैसे जमविले आणि सेनिओ पाहून येतों म्हणाले. नदी आपेनिनच्या पलीकडे, आद्रियातिकच्या बाजूस. जातांयेतां दिवस मोडणार. आम्हांस वह्या तपासावयाच्या होत्या, म्हणून आम्ही गेलों नाहीं. रात्रीं उशिरां मंडळी परतली, उन्हानें तोंडें लाल झालेलीं. आम्हीं विचारलें, कशी आहे नदी? माणगांवाकडची एक मुलगी त्यांच्यांत होती. ती म्हणाली, “पाणी अगदीं थोडें आहे, सर. आमच्या काळ नदीएवढीसुद्धां नाहीं. पण दोन्हीकडचे बांध फार उंच आहेत. वर चढल्याशिवाय पलीकडचें कांहींच दिसत नाहीं.”