काळीज सर्वांचे सारखे नसते

'काळीज' हा आपल्या भाषेतला मोठा फसवा शब्द. काळजाचा ठोका चुकला म्हणताना आपला हात छातीवर जातो. पण मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली, की दुकानदार यकृत तोलून देतो. हा दुसरा अर्थ आमच्या घराला कळला तो पेडण्याच्या मावशीमुळे.

तिच्या उजव्या बरगडीखाली हाताला काहीतरी टणक लागत होते. पहिल्या तपासणीत 'गाठ असावी' एवढेच सांगण्यात आले. ते चार दिवस घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. मावशीने तर दागिन्यांच्या वाटण्या मनातल्या मनात करून टाकल्या. मग सीटी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, ही गाठ नव्हे. तुमचे यकृतच खाली जरा लांब आहे. काही करायला नको."

यकृताच्या उजव्या भागातून जिभेसारख्या खाली लोंबणाऱ्या या तुकड्याला 'रीडेलचा खंड' म्हणतात. बर्नहार्ड रीडेल या जर्मन शल्यविशारदाने १८८८ साली त्याचे वर्णन केले. बायकांत तो अधिक आढळतो. तो स्वतः निरुपद्रवी. पण पोट चाचपताना ट्यूमर किंवा सुजलेले यकृत वाटतो. स्कॅनमध्ये मात्र तो यकृताशी सलग, त्याच पेशीजालाचा दिसतो.

सगळेच वेगळेपण असे हाताला लागत नाही. मिशेल्स या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने २०० मृतदेहांचे विच्छेदन करून यकृताच्या धमन्यांचे दहा प्रकार १९६६ साली मांडले. पुस्तकातल्या चित्रासारखी ठेवण होती जेमतेम ५५ टक्क्यांत! कुणाच्या यकृताची उजवी धमनी आतड्याच्या धमनीतून निघते आणि स्वादुपिंडाच्या मागून वर चढते. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत ती नकळत कापली गेली, तर यकृताचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. पित्तनलिकांचेही तेच. आई मुलाला यकृताचा भाग देते, तेव्हा तिच्या नलिका व रक्तवाहिन्या आधी स्कॅनवर पाहिल्या जातात. एका नलिकेऐवजी दोन निघाल्या, तर जोडही दोन करावे लागतात. कधी ठेवण अशी असते, की दातृत्वाची इच्छा असूनही नकार द्यावा लागतो.

माणसे चित्राबरहुकूम जन्मत नाहीत. म्हणून अहवालात असे काही वेगळेपण लिहिलेले असेल, तर घाबरू नका; पण तो कागद टाकूनही देऊ नका. पुढे कधी पोटाची शस्त्रक्रिया ठरली, तर तो आधी डॉक्टरांपुढे ठेवा.