पायीची वहाण आणि हातातलं पुस्तक

माझ्याकडे पादत्राणांचे २३ जोड आहेत. हा आकडा नवऱ्याने मोजलेला आहे, त्यामुळे त्यात न्हाणीघरातल्या स्लीपरसुद्धा धरल्या आहेत. माझ्या हिशेबाने खरा आकडा १९. आमच्या दाराशेजारचं उंच कपाट सासूबाईंनी एकेकाळी भांड्यांसाठी करून घेतलं होतं. आता त्यात चपला, सँडल आणि बूट राहतात. आल्यागेल्याला सासूबाई कौतुकाने (असं मी समजते) सांगतात, "सूनबाईचं शोरूम आहे ओ ते."

गेल्या वर्षी जानेवारीत नवऱ्याने तोड काढली. नवा जोड हवा असेल तर आधी चपला-बुटांशी संबंध असलेलं एक पुस्तक वाचून संपवायचं. दिवसभर कोड वाचणारी ही बाई रात्री पुस्तक कुठली हातात धरणार, खर्च आपोआप वाचेल, असा त्याचा अंदाज होता. वर्षाअखेर तीन पुस्तकं वाचून झाली आणि कपाटात तीन जोड वाढले. त्या तिन्ही पुस्तकांनी माझ्या पायांकडे बघण्याची नजर थोडी थोडी बदलली, म्हणून हा लेख.

पहिलं पुस्तक एलिझाबेथ सेमेलहॅक यांचं 'शूज: द मीनिंग ऑफ स्टाइल'. या बाई कॅनडात टोरांटोला बाटा शू म्युझियम आहे, तिथे काम करतात. आपल्याला बाटा म्हणजे शाळेचे काळे बूट आणि ९९ वर संपणाऱ्या किमती एवढंच माहीत. त्याच घराण्यातल्या सोन्या बाटा यांनी जगभरची पादत्राणं जमवून हे संग्रहालय उभं केलं. पुस्तकाचे भाग चार: सँडल, बूट, टाचा आणि स्नीकर्स. मी अर्थातच टाचांपासून सुरुवात केली.

उंच टाच मुळात बायकांची नव्हेच. ती इराणी घोडेस्वारांची. रिकिबीत पाय अडकवून, उभं राहून बाण मारायचा तर पाय घट्ट बसायला हवा, म्हणून बुटाला टाच. १६०० च्या सुमारास ती युरोपात पोचली आणि तिथल्या सरदारांनी उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचांचे बूट मिरवायचा. बायकांनी टाच पुरुषांकडून घेतली, पुढे पुरुषांनी ती सोडून दिली आणि मग शहाणपणाने ठरवलं की उंच टाच म्हणजे बायकी नखरा. हे वाचून मी दोन इंची, रुंद टाचेचे गडद लाल बूट घेतले. कोणी काही म्हणालं तर सांगते, घोडेस्वारीचे आहेत.

दुसरं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. फिल नाइट यांचं 'शू डॉग', म्हणजे नायकी कंपनीच्या संस्थापकाचं आत्मकथन, २०१६ सालचं. धंद्यावरच्या पुस्तकांचा मला कंटाळा आहे, पण हे कादंबरीसारखं वाचलं. १९६४ साली नाइट आणि त्यांचे कॉलेजातले धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ५००-५०० डॉलर घालून कंपनी काढली. जपानहून बूट मागवायचे आणि शर्यतींच्या मैदानावर गाडीच्या डिकीतून विकायचे, हा धंदा. नाइट पोटासाठी हिशेबनीसाची नोकरी करत होते. पुढे बॉवरमननी बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबरासारखं रसायन ओतलं, साचा कायमचा चिकटून बसला, पण बुटाच्या तळाला जमीन धरणारी नक्षी त्या खटपटीतून निघाली. आमच्याकडे आप्पेपात्रावर असा प्रयोग झाला असता तर पुढची पन्नास वर्षं तेवढंच ऐकून घ्यावं लागलं असतं!

त्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. नायकीची ती बाकदार खूण, जगात कुठेही ओळखू येणारी, १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने काढली. मेहनताना ३५ डॉलर. बऱ्याच वर्षांनी, १९८३ मध्ये, कंपनीने तिला समभाग दिले. पण मला पैशांपेक्षा दुसरंच महत्त्वाचं वाटलं. आज तिचं नाव आपल्याला माहीत आहे. 'नायकी' हे नाव ज्याला स्वप्नात सुचलं त्या जेफ जॉन्सनचंही माहीत आहे. साचा कोणी बिघडवला तेही माहीत आहे. बूट मोठा झाला आणि त्याच्याबरोबर माणसांची नावंही टिकली.

आम्हा प्रोग्रामर मंडळींना हा विषय नेहमीचा. आमच्याकडे 'गिट' नावाची व्यवस्था असते. हजारो ओळींच्या कोडमध्ये कुठली ओळ कोणी आणि कधी लिहिली, हे एका आज्ञेसरशी समोर येतं. त्या आज्ञेचं नाव आहे 'ब्लेम'. नावात दोष असला तरी तिच्यातून श्रेयही तेवढंच कळतं. फुकट मिळणारा कोड वापरायचा असेल तरी परवान्याची अट असतेच. आमच्यात फार वापरला जाणारा एमआयटी परवाना जेमतेम वीस ओळींचा आहे आणि त्याची मुख्य अट एवढीच, की मूळ लेखकाच्या नावाची नोंद पुसायची नाही. वापरा, बदला, विका, नाव ठेवा.

या पुस्तकावर मी पांढरे स्नीकर्स घेतले आणि ऑफिसच्या कार्यक्रमाला इरकली साडीखाली घातले. आईने फोटो बघून विचारलं, "चपला विसरलीस काय गं?"

तिसऱ्या पुस्तकावरून घरात वाद झाला, कारण ते बुटांवरचं नाहीच असं नवऱ्याचं म्हणणं. गिरीश कार्नाड यांचं 'तलेदंड'. मूळ कन्नड नाटक १९९० चं, मी मराठीत वाचलं. बाराव्या शतकातलं कल्याण, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. बसवण्णांच्या शरणांमध्ये जात मानायची नाही असं ठरलेलं. त्यातून मधुवरस या जन्माने ब्राह्मण असलेल्या शरणाची मुलगी आणि हरळय्या या समगाराचा, म्हणजे चामड्याचं काम करणाऱ्याचा मुलगा यांचं लग्न ठरतं, आणि अख्खं नगर पेटतं. नाटकात राजकारण खूप आहे. मला मात्र मुलीच्या आईची घालमेल जवळची वाटली. तत्त्व तिला कळतं, पण पोरीचा जन्म कातड्याच्या वासात जाणार याची धास्ती सुटत नाही.

याच हरळय्याची एक आख्यायिका आपल्या भागात कन्नड शेजाऱ्यांकडून कानावर आलेली असते. हरळय्याने बसवण्णांना एकदा नमस्कार केला, त्यांनी उलट दोनदा केला. तो वरचा एक नमस्कार हरळय्याला ऋण वाटला. ते फेडायला त्याने आणि त्याची बायको कल्याणम्मा हिने आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवून बसवण्णांना दिले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्यावर घेतले. 'कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत' असं आपण मराठीत किती सहज म्हणतो. तसे जोडे खरंच शिवणाऱ्या माणसाची गोष्ट आपल्या शेजारच्या भाषेत नावानिशी जपलेली आहे.

आपल्या भाषेत दुसरीही एक म्हण आहे. पायीची वहाण पायीच बरी. लहानपणी मला वाटायचं ही स्वच्छतेची शिकवण आहे. ती वहाणेबद्दल नाहीच, माणसाबद्दल आहे, हे फार उशिरा कळलं.

'तलेदंड' वाचताना मला शहापुरातलं माहेर आठवलं. आमच्याकडे दरवर्षी दसऱ्याच्या आधी चिकोडीकडून एक गृहस्थ यायचे. कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीने रेघ ओढायचे, आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या चपला आणून द्यायचे. आजोबांचा उजवा अंगठा किंचित बाहेर वळलेला होता, तर त्यांच्या उजव्या चपलेचा अंगठा ते न सांगता सैल ठेवायचे. ते पायरीवरच बसायचे. आजी त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतायची. त्यात काही वेगळं आहे असं घरात कोणाला वाटत नसे. ते स्वतः कधी काही बोलले नाहीत.

नाटक संपवून मी आईला फोन केला आणि त्यांचं नाव विचारलं. आई बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "पायताणवाले मामाच म्हणायचो की गं सगळे." आमच्या सात जणांचे चौदा पाय त्या माणसाला पाठ होते. त्याचं नाव आमच्यातल्या एकालाही सांगता येत नाही. मामा म्हणून नातं जोडलं होतं, तरी ओंजळ आणि तांब्या यांच्यातलं अंतर तेवढंच होतं.

नेमकं त्याच वर्षी कोल्हापुरी जगभर गाजली. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात हुबेहूब कोल्हापुरी दाखवली आणि वर्णन केलं, चामडी सँडल. कोल्हापुरात आणि आपल्याकडे संताप झाला तो चप्पल चोरली म्हणून, पण त्याहून जास्त नाव गाळलं म्हणून. कंपनीने मग प्रेरणा कुठली ते मान्य केलं आणि डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम व कर्नाटकाच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्यांत मिळून २,००० जोड बनवायचे, किंमत एका जोडाला साधारण ८०० युरो. आपल्या पैशांत ऐंशी हजारांच्या वर!

दोन्ही राज्यं का, असं पुण्यातल्या मैत्रिणींनी मला विचारलं. त्यांना सांगितलं, कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांचं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार तिकडचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार इकडचे. आपल्या जिल्ह्यातलं अथणी आणि निपाणी ही या कामाची मोठी गावं. जुनी नावंही किती: कापशी, पुकारी, कचकडी, बक्कलनाळी. सीमेचा वाद त्याच्या जागी राहो, पण कागदावर दोन्ही राज्यांनी एकत्र मालकी मान्य केलेली ही एक तरी वस्तू आहे आणि ती आपल्या पायात आहे.

त्यामुळे तिसरा जोड मी ऑनलाइन न मागवता अथणीला जाऊन घेतला. एका घराच्या पुढच्या खोलीत तासभर बसले. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं म्हशीचं कातडं, तळासाठी जाड, वरच्या पट्ट्यांसाठी बकऱ्याचं मऊ. रापीने कातडं तासायचं, आरीने भोक पाडायचं आणि कातड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा एकही नाही. दोन बाजूंचे कान, त्यांना जोडणारा पट्टा, पुढे अंगठा आणि वर बारीक वेणी. वेणी घालणं बहुतेक घरांत बायकांचं काम. आतल्या खोलीत एक बाई खाली मान घालून वेणी घालत होती आणि तिची बोटं माझ्या कीबोर्डवरच्या बोटांपेक्षा किती तरी वेगाने चालत होती. खोलीत कातड्याचा वास भरून होता. पाच मिनिटांनी तो जाणवेनासा झाला.

निघताना मी कारागिरांना नाव विचारलं. ते म्हणाले, "नाव कशाला, अक्का? दुकानाचं कार्ड देतो की." मी म्हटलं, दुकानाचं नको, तुमचं सांगा. त्यांनी सांगितलं. मग वेणी कोणी घातली विचारलं, तर त्यांनी आत हाक मारली. त्या बाहेर आल्या, हात पदराला पुसला आणि आपलं नाव सांगितलं. जोडाची किंमत १,८०० रुपये झाली. घासाघीस करायची सवय आहे, पण ८०० युरो आठवले आणि गप्प बसले.

महाराष्ट्रात लिडकॉमने गेल्या वर्षीपासून कोल्हापुरीला क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे. फोन धरला की कारागिराचं किंवा केंद्राचं नाव, ठिकाण, कातडं, पद्धत दिसते. म्हणजे आमची 'ब्लेम' आज्ञा अखेर चपलेपर्यंत पोचली म्हणायची. आपल्या बाजूच्या चपलांवरही ती यावी असं मला मनापासून वाटतं. तोवर तोंड आहेच. विचारायला पैसे पडत नाहीत.

कोल्हापुरी घेणाऱ्यांसाठी दोन घरगुती गोष्टी. नवी चप्पल चावते, म्हणून अंगठ्याला आणि पट्ट्याला खोबरेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवा, आणि पहिले काही दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाला. आपल्या बेळगावच्या पावसात मात्र ती अजिबात बाहेर काढू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नको.

त्या दोघांची नावं इथे द्यायची माझी फार इच्छा होती. आमच्या मासिकात छापू का, असं मी अथणीतच विचारलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. ते म्हणाले, "आधी वर्षभर घालून बघा, अक्का. टिकली तर छापा."

नावं डायरीत लिहून ठेवली आहेत. वर्ष जानेवारीत पुरं होईल.