वंशबीजाचे राखणदार

लग्नाला तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरातील वडीलधारी मंडळी सुनेलाच माझ्याकडे घेऊन येतात. चिरंजीव बाहेर मोटारसायकलवर बसून असतात. ‘आधी त्यांची तपासणी करू’ म्हटले की सासूबाईंच्या कपाळावर आठी उमटते. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ जण आता त्या वडीलधाऱ्यांच्या जागी आहेत, म्हणून हा नाजूक विषय आपल्यापुढे ठेवतो. अपत्यहीनतेच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणासह, असते. आणि वीर्यतपासणीइतकी सोपी दुसरी तपासणी नाही.

कधीकधी त्या अहवालात एकही शुक्राणू आढळत नाही. वृषणाचा लहानसा तुकडा तपासला, तर बीजपेशी असतात, पण अर्ध्या वाटेवर थबकलेल्या. याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक दुर्मीळ कारण मला फार विलक्षण वाटते.

आपल्या डीएनएत स्वतःची जागा बदलणारे किंवा स्वतःची प्रत काढून ती भलतीकडे घुसवणारे तुकडे असतात. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषीने मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून ते ओळखले. दीर्घ काळ फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1983 साली, वयाच्या 81व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी डीएनएचा जवळजवळ निम्मा भाग अशा तुकड्यांचा वा त्यांच्या अवशेषांचा आहे, तर प्रथिने घडवणारा भाग 2 टक्क्यांहूनही कमी! बहुतेक तुकडे केव्हाच निष्प्राण झाले. जे थोडे जागे आहेत, त्यांच्यावर शरीर मिथाइल नावाच्या रासायनिक मोहरा मारून त्यांना गप्प ठेवते.

पुरुषगर्भ आईच्या उदरात असताना मात्र त्याच्या बीजपेशींतील बहुतेक मोहरा पुसल्या जातात, नव्याने मारण्यासाठी. जुनी कुलपे काढली, नवी अजून बसायची आहेत, अशी ती वेळ. तेव्हा पहाऱ्यावर असतात पाय-आरएनए. (नावातला ‘पाय’ आपला नव्हे, पिवी या प्रथिनाच्या नावावरून ते आले.) जेमतेम 24 ते 31 अक्षरांचे हे रेणू सस्तन प्राण्यांच्या वृषणात 2006 साली सापडले. त्यांतील अनेकांवर एखाद्या ट्रान्सपोझॉनशी जुळणारा मजकूर असतो. पिवी प्रथिन तो हाती धरून फिरते. जुळणारा आरएनए सापडला की त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांतूनच नवे पाय-आरएनए घडतात. म्हणजे चोराच्याच सामानातून पहारेकऱ्यांची नवी तुकडी! काही प्रथिने पेशीकेंद्रात शिरून नेमक्या त्या जागी मिथाइलची मोहर मारवून घेतात. उंदरांत हे काम जन्माआधीच सुरू होते. त्यासाठी लागणारे मिवी-2 हे प्रथिन नसलेला नर एरवी धडधाकट दिसतो. पण त्याच्या बीजपेशी विभाजनाच्या मध्यावर थांबतात आणि तो निर्बीज राहतो. मादीची प्रजननक्षमता मात्र शाबूत राहते.

माणसातही हे खरे ठरले. 2021 साली पीएनएलडीसी-1 या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या, शुक्राणू नसलेल्या पुरुषांत पाय-आरएनए नीट घडत नसल्याचे प्रसिद्ध झाले.

हे ऐकून एका सासूबाईंनी हळूच विचारले, ‘म्हणजे पोटुशी असताना माझंच काही चुकलं का?’ नाही, आजी. असा दोष असला तर एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून, आणि दोघेही स्वतः निरोगी असतात. तुमच्या डोहाळ्यांशी वा कामाच्या कष्टांशी त्याचा संबंध नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडील रीत अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढवते, एवढे मात्र सांगायला हवे.

वर्तमानपत्रांतील शक्तिवर्धक चूर्णांनी हा दोष जात नाही. त्यावर आज औषध नाही. तेव्हा पैसे तिकडे घालवू नका. शुक्राणू का नाहीत हे वंध्यत्वतज्ज्ञाकडून निश्चित करून घ्यावे. मार्गातील अडथळ्यासारखी काही कारणे उपचाराने दूर होतात. तसे नसेल तर दात्याचे बीज की दत्तक मूल, हा निर्णय त्या दोघांचा. आणि सुनेचे गुरुवारचे उपास आजपासून बंद करायला हरकत नाही.