पिवळ्या डब्यातला बुलढाणा

फोन बदलायला आपल्याला कारण लागत नाही. कॅमेरा जरा बरा, रंग जरा वेगळा, ऑफिसातल्या कुणी तरी घेतला... बस्स, कार्ड स्वाइप! पण माझ्या बाबांना हातातला जीपीएस सेट बदलायला पटवायचं, तर एक वाघ मध्ये पडावा लागला.

त्यांचा सेट म्हणजे पिवळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा डबा. दोन पेन्सिल सेल, काळा-पांढरा स्क्रीन, नकाशा नाहीच. नुसता बाण आणि आपण चाललो त्याची ठिपक्यांची रेघ. २००३ साली मामाने अमेरिकेहून आणला. तेव्हा ही चीज एकदम भारी होती, बरं का. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, मे २००० मध्ये, अमेरिकेने सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली होती. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारे हे डबे एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आले. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? बाबा दर रविवारी स्कूटर काढायचे आणि जिल्हा ‘नोंदवायचे’. झरे, विहिरी, बारवा, जुनी चिंचेची झाडं. वीस वर्षांत २१२ पॉइंट!

आता वाघाचं ऐका. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये जीपीएस कॉलर बसवली गेली. पठ्ठ्या जूनमध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, नाले, हायवे ओलांडत डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर. ‘वॉकर’ म्हणून पेपरांत गाजला तोच. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढली, तोपर्यंत ५००० हून जास्त ठिकाणांच्या नोंदी झाल्या होत्या. बाबांनी ती बातमी कापून फ्रिजवर लावली आणि म्हणाले, “त्या वाघाच्या गळ्यात माझ्यापेक्षा चांगला जीपीएस हाये!”

मी ते वाक्य मनात ठेवलं. बोनस आल्यावर नवीन सेट घेतला. किंमत एका बऱ्यापैकी फोनएवढी. फोनच का नाही, असं तुम्ही विचारणारच. फोनचा जीपीएस रेंज नसतानाही चालतो, हे खरंय. पण नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो, मेच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी ‘राम’ म्हणते. शिवाय बाबांच्या अंगठ्याला बटण लागतं. म्हणून पेन्सिल सेलवरच चालणारा सेट शोधला. सेल कुठल्याही गावच्या टपरीवर मिळतात.

लोणारला दोन्ही सेट घेऊन गेलो. विवराच्या काठावर, उघड्या आभाळाखाली, जुना आणि नवा यांत जेमतेम चार-पाच मीटरचा फरक. बाबांच्या चेहऱ्यावर ‘बघ, उगाच पैसे घातले’ हा भाव. मग खाली उतरलो. काठापासून तळ्यापर्यंत सुमारे १३७ मीटरचा उतार आणि खाली चांगली दाट झाडी. एका बाजूला विवराची भिंत, डोक्यावर पानं; म्हणजे उपग्रह दिसायला आभाळच थोडं. पिवळा डबा उपग्रह शोधत बसला तो बसलाच. नवा मात्र अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशिया आणि युरोपचे उपग्रहही पकडतो, त्यामुळे कमळजा देवीच्या देवळापर्यंत त्याची रेघ तुटली नाही. उंचीही तो हवेच्या दाबावरून मोजतो. बाबा काही बोलले नाहीत, फक्त नवा सेट माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या गळ्यात अडकवला.

माझं मत विचाराल तर सपाट शेतात फिरणाऱ्याने जुना बदलू नये. घाट, जंगल, दरी असेल तर बिनधास्त बदला.

खरं काम घरी येऊन सुरू झालं. जुन्या सेटची केबल जाड, सिरियल पोर्टची; माझ्या लॅपटॉपला तसलं भोकच नाही. म्हणजे २१२ पॉइंट हाताने भरायचे. जुना सेट अंश आणि मिनिटं दाखवतो, नवा मी दशांशावर ठेवला होता. लोणार १९ अंश ५८.६ मिनिटं, म्हणजे दशांशात १९.९७७. कुणी सरळ १९.५८६ लिहिलं, तर तळं चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, थेट मराठवाड्यात जाऊन पडेल! आणखी एक भानगड डेटमची. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले, जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस-८४ वर. दोन्हींत आपल्याकडे शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. बाबांनी काही पॉइंट त्यांच्या जुन्या नकाशाशी जुळवायला एव्हरेस्टवर घेतले होते, ते वेगळे काढावे लागले.

पण गणित सोपं होतं. अवघड होती नावं. जुन्या सेटमध्ये नावाला जागा फक्त सहा इंग्रजी अक्षरांची. ‘झरा-२’ कळतं. ‘चिंच-४’ही कळतं. ‘के-डी-एन-बी’ म्हणजे काय?

जेवणाच्या टेबलावर रोज रात्री तासभर बसायचो. मी आकडे वाचायची, बाबा सांगायचे, मी नव्या सेटमध्ये पूर्ण नाव आणि दोन ओळींची टीप घालायची. पलढग धरणाच्या वरचा झरा, मे महिन्यातही ओला. बोथ्याच्या रस्त्यावरची चिंच, इथे अस्वलाचे ठसे. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ते ठीक. पण हल्ली गोष्टी मधूनच निसटतात. डॉक्टरांनी सुरुवात आहे एवढंच सांगितलंय. म्हणून मला घाई होती, आणि ती त्यांना दिसू द्यायची नव्हती.

‘के-डी-एन-बी’ला ते थांबले. बराच वेळ. “काहून घेतला असंल हा?” मी पुढचा पॉइंट वाचायला घेतला, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, मेहकरच्या रस्त्यावरचा कडुनिंब तो. स्कूटर बंद पडली, पाऊस आला, आपण दोन तास खाली उभे होतो. तुम्ही म्हणाले, याचा पॉइंट घेतो.” बाबा हसले. नव्या सेटमध्ये टीप आईने सांगितली तशी टाकली, ‘दोन तास’सकट.

त्या रात्रीपासून आईही टेबलाशी बसते.

जुना डबा आजही चालतो. फक्त तारीख चुकते. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो, तसा तो एप्रिल २०१९ मध्ये आला आणि कित्येक जुन्या सेटचं कॅलेंडर साडेएकोणीस वर्षं मागे गेलं. जागा बरोबर, साल चूक. बाबांना हे फार आवडतं. सेल काढू देत नाहीत.

१८१ पॉइंट झाले. ३१ कुणालाच ओळखू येत नाहीत. पुसून टाकू का विचारलं, तर बाबा म्हणाले, “पुसते काहून? जाऊन पाहू ना.” त्यातले सात लोणार तालुक्यात आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आधी ते.