आगोट

तळाशीलला एका बाजूला गड नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं एक लॉज पावसाळ्यात बंद असतं. २०१९ साली त्याच्या राखणीला आम्ही नवरा-बायको राहिलो. मे अखेर तांदूळ, सुकट, मेणबत्त्या अशी आगोट भरली, पडवीला झाप बांधले. रोजचं मुख्य काम गाद्यांची बुरशी पुसायची. (समुद्र दोन दिवसांत जुना होतो, बुरशी नाही.)

कोल्हापूरहून आईचा धोशा, "दर्या घरात शिरंल, परत या." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगाच आमच्या शाहूपुरीत शिरली. गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली. आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर. दोन दिवसांनी फोन लागला. म्हणाली, "तिकडं पाणी चढलंय काय रं?"

पाणी उतरताच मालकाला किल्ल्या दिल्या. पगारातनं आईला आधी गाद्या घेतल्या.