कुंभारांच्या गावापासून क्रेनच्या घरापर्यंत

बोलोन्या शहर तांबडं दिसतं, त्याचं कारण त्याच्या पायाखालीच आहे. पो नदीच्या खोऱ्यातला हा सपाट, गाळाचा मुलूख. बांधकामाचा चांगला दगड जवळपास फारसा नाही. माती मात्र हवी तेवढी. त्यामुळे मनोरे, वाडे, चर्च आणि रस्त्याकडेनं जाणाऱ्या कमानदार पडव्या, बहुतेक सगळं भाजलेल्या विटांचं. जुन्या शहरातच अशा सुमारे ३८ किलोमीटर पडव्या आहेत. २०२१ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पाऊस आला तरी छत्री न उघडता अर्धं शहर पायाखाली घालता येतं.

मला मात्र या मातीचं, यंत्रानं छापलेलं एक घर पाहायचं होतं. ते मासा लोम्बार्दा नावाच्या छोट्या गावात आहे. जाताना वाटेत फाएन्झाला उतरायचं ठरवलं, कारण मातीकडे जायचं तर आधी कुंभारांना भेटावं.

बोलोन्याहून रिमिनीकडे जाणारी पॅसेंजर रोमनांनी इ.स.पू. १८७ मध्ये बांधलेल्या विया एमिलिया रस्त्याच्या साथीनं धावते. खिडकीतून द्राक्षांचे मळे आणि पीचच्या बागा सरकत राहतात. फाएन्झा हे शेकडो वर्षं मातीची भांडी घडवणारं गाव. इथलं १९०८ साली स्थापन झालेलं सिरॅमिक संग्रहालय दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यानं उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा उभं राहिलं. संग्रहालय मी भराभर पाहिलं. रेंगाळलो ते एका गल्लीतल्या कारखान्यात.

तिथे एक बाई ताटावर नक्षी काढत होत्या. एकदा भाजलेलं ताट कथिलाच्या पांढऱ्या झिलईत बुडवतात. झिलई वाळली की तिचा पृष्ठभाग पिठासारखा कोरडा होतो आणि रंग त्यावर टेकताच शोषून घेतो. खोडायची सोय नाही. कुंचला थांबला की तिथे डाग पडतो, म्हणून हात श्वासाबरोबर सलग फिरवायचा. पलीकडे एक वयस्क कुंभार चिखलाची करंगळीएवढी वळकटी करून बोटाभोवती गुंडाळत होते. ती चिरली तर माती भांड्याला नालायक, नाही चिरली तर चालेल. त्यांच्या फळीवर एक लहानसा थ्रीडी प्रिंटरही होता. त्यातून वेडेवाकडे आकार सहज निघतात, असं ते म्हणाले. पण चिखल आधी हातानंच तपासावा लागतो. यंत्राला पातळ आणि घट्ट यातला फरक नळी तुंबल्यावरच कळतो.

गावातून निघताना काही भिंतींवर पुराच्या रेषा दिसल्या. मे २०२३ मध्ये लामोने नदी फाएन्झात शिरली होती. २०२४ साली पुन्हा पूर आला. मातीच्या घराकडे निघालेल्या माणसाला पाण्याची ही आठवण असलेली बरी.

फाएन्झाहून मासा लोम्बार्दा गाडीनं जवळच आहे. इथे वास्प ही थ्रीडी प्रिंटर बनवणारी कंपनी आहे. कुंभारमाशी तोंडानं चिखल आणून थर लावत घर बांधते, ते पाहून संस्थापक मास्सिमो मोरेत्ती यांना जागच्या मातीतून घरं छापण्याची कल्पना सुचली. २०१५ साली त्यांनी बारा मीटर उंचीचा प्रिंटर उभा केला. पुढे क्रेनसारखा सुटा करून नेता येणारा आला. बोलोन्याचे वास्तुकार मारिओ कुचिनेल्ला यांच्याबरोबर त्यांनी २०२१ साली पूर्ण केलेलं घर म्हणजे टेक्ला.

लांबून ते दोन एकमेकांत मिसळलेले घुमट वाटतात. जवळ गेल्यावर आडव्या रेघा दिसू लागतात: प्रत्येकी १२ मिलिमीटरचा थर, असे ३५० थर. गुणाकार करा, घराची ४.२ मीटर उंची हाती येते. दोन क्रेननी मिळून, एकाच वेळी, एकमेकींना न धडकता हे घर सुमारे २०० तासांत छापलं. चिखलाची ती दोरी सरळ केली तर १५० किलोमीटर भरेल. माती वगैरे लागली ६० घनमीटर, आणि वीज सरासरी ६ किलोवॉटपेक्षा कमी. भिंतीवर बोट फिरवलं तर भाताच्या तुसाचे कण टोचतात. आत शिरलं की छतातल्या गोल खिडक्यांतून उजेड उतरतो. स्वयंपाकघर एका घुमटात, झोपायची जागा दुसऱ्यात. भिंत आतून भरीव नाही. पोकळ्या कुठे, किती ठेवायच्या हे हवामान पाहून संगणकानं ठरवलेलं असतं. कुठे उष्णता साठवायची, कुठे अडवायची, कुठून वारा खेळवायचा याचा तो हिशेब. हे काम हातानं होणं खरोखरच अवघड.

पण तिथल्या माणसानं मला मुद्दाम दाखवली ती एक काचेची बाटली. जागची माती पाण्यात घालून हलवायची आणि ठेवून द्यायची. तळाशी वाळू, वर गाळ, सर्वांत वर चिकणमाती. थरांची जाडी मोजली की मिश्रण ठरतं. २०१८ साली याच कंपनीनं गाइआ नावाचं ३० चौरस मीटरचं घर छापलं, तेव्हा मातीत ३० टक्के चिकणमाती, ४० टक्के गाळ आणि ३० टक्के वाळू निघाली होती. मिश्रणात ही माती फक्त २५ टक्के. ४० टक्के भाताचा कुट्टी केलेला पेंढा, २५ टक्के तूस आणि १० टक्के चुना. ते सारं जड चाकांच्या यंत्रात मळलं: आपली चुन्याची घाणीच, बैलाऐवजी मोटर लावलेली. भिंती दहा दिवसांत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सामानाला सुमारे ९०० युरो लागले. हा पेंढा आणि तूस म्हणजे कोकणात किंवा भंडाऱ्यात भात झोडपून कांडल्यावर ढिगानं पडणारा मालच.

कौतुकाबरोबर शंकाही सांगायला हव्यात. ९०० युरो हे भिंतीच्या मालाचे. क्रेनची, तंत्रज्ञांची किंमत त्यात नाही. पाया, दारं, खिडक्या माणसांनीच बसवायच्या. टेक्लाच्या मिश्रणात माती सांधणारा बांधकही आहे, म्हणजे नुसत्या जागच्या मातीवर भागलेलं नाही. आणि बेघरांसाठी म्हणून बोलल्या जाणाऱ्या या तंत्रानं २०२१ सालीच दुबईच्या जुमेरा किनाऱ्यावर डिओर या फॅशन कंपनीचं तात्पुरतं दुकान छापलं. तरीही सिमेंट उद्योग जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या सात-आठ टक्क्यांना जबाबदार असताना, न भाजलेल्या मातीची भिंत उभी राहते हे दाखवणं लहान काम नाही.

माझं मत असं झालं की क्रेन हा या घराचा नवा भाग आहे, महत्त्वाचा नाही. महत्त्वाची ती बाटली आणि ती वळकटी. कोणत्या मातीत किती तूस, किती दिवस मुरवायचं, जोतं किती उंच घ्यायचं, पावसाच्या बाजूला छपराची वळचण किती बाहेर काढायची, हे ज्ञान यंत्राला कोणीतरी द्यावं लागतं. आपल्याकडे मराठवाड्यात माळवदाची घरं बांधणारे, पांढरी माती ओळखणारे गवंडी अजून हयात आहेत. त्यांच्याजवळची कृती फारशी लिहिलेली नाही आणि ती घरं दर वर्षी पाडली जात आहेत.

तेव्हा गावाकडचं मातीचं घर पाडायला काढलं असेल, तर जेसीबी बोलावण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलवा. भिंतीचा तुकडा बाटलीत हलवून थर मोजा, त्यांनी सांगितलेलं प्रमाण वहीत लिहून ठेवा. क्रेन उद्या विकत मिळेल. हे प्रमाण मिळणार नाही.